बीरगांवच्या घराचा हेवा

मी एक जुने घर आहे. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात, उरला औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ एका गल्लीत मी उभा आहे. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे पत्र्याची पडवी, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, घराला मन नसते असे तुम्ही समजत असाल. मला आहे, पण ते फारसे मोठे नाही. गेली तीन वर्षे मी एका फ्लॅटवर जळतो आहे.

माझा जन्म पंचवीस वर्षांपूर्वीचा. गोंदियाकडून आलेले धर्मपाल तेव्हा इथल्या रोलिंग मिलमध्ये नुकतेच लागले होते. दिवसभर तापलेल्या लोखंडाशी झगडून ते थेट माझ्याकडे येत आणि माझ्या कोवळ्या भिंतींवर बादलीने पाणी मारत. त्यांची बायको शेवंताबाई तेव्हा नवी नवरी होती. मी बांधून झालो तेव्हा बारा-तेरा माणसांनी मिळून बुद्धवंदना घेतली आणि सगळ्यांना खीर मिळाली. रुचिता, त्यांची एकुलती एक लेक, माझ्याच लाल कोब्यावर रांगली.

कारखान्यांची काळी धूळ रोज माझ्यावर बसे. शेवंताबाई दोन्ही वेळा ती पुसून काढी. पाहुणे म्हणत, "बीरगांवात राहून घर इतकं साफ ठेवता कसं?" मी मनातल्या मनात फुगत असे. या माणसांना माझ्याशिवाय दुसरे कोणी नाही, असेच मला वाटे.

मग मिलमधली माणसे कमी होऊ लागली. एका रविवारी जेवताना धर्मपाल म्हणाले, "शेवंता, मले काही पेन्शन नाही. हातपाय चालून राहिले तोवर एक फ्लॅट घेऊन टाकू. तो भाड्यानं देऊ. तेच आपलं पेन्शन."

"अन् मागच्या भिंतीले भेग पडली, तिचं काय? मोरीत टाईल बसवतो म्हणे तुम्ही."

"आता इथी काहून पैसा लावायचा?"

ते शब्द माझ्या जिव्हारी लागले, मित्रांनो. तीन उन्हाळे मी ती भेग बुजण्याची वाट पाहत होतो.

रविवार हा माझा दिवस होता. कोबा धुऊन चकचकीत करण्याचा. आता त्या दिवशी शेवंताबाई मोटरसायकलवर मागे बसून फ्लॅट बघायला जाऊ लागली. आल्यावर दोघे बोलत, ते मला ऐकावे लागे. शहरातले भाव असे पळत होते की विचार करायला उसंत नव्हती. एक फ्लॅट आवडला. दुसऱ्या दिवशी रुचिताला दाखवायला नेले, तर सकाळीच कोणीतरी बयाणा देऊन गेले होते. दुसरा एका चांगल्या वसाहतीत होता. मालकाने चहा पाजला, मग पूर्ण नाव विचारले. नाव ऐकून तो म्हणाला, "घर में पूछकर बताता हूँ." त्याचा फोन आला नाही. पंधरा दिवसांनी धर्मपाल तिकडून गेले, तर 'बिकाऊ है'ची पाटी जागच्या जागी होती.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पडवीत बसून राहिले. शेवंताबाई शेजारी बसली.

आणि मी? सांगायला लाज वाटते. माझ्या माणसाचा अपमान झाला होता आणि मला बरे वाटत होते. चला, परत माझ्याकडेच आले, असे मी म्हणत होतो.

पण ते थांबले नाहीत. धर्मपालांचे वय पाहून बँकेने कर्ज नाकारले, तेव्हा रुचिता पुढे झाली. ती एका खाजगी इस्पितळात नर्स आहे. आईबाप मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते.

"बाबा, लोन मेरे नाम से ले लो ना."

"अन् तुया लग्नाचं काय, पोट्टी?"

"शादी कहीं भागी जा रही है क्या?"

शेवटी नव्या रायपुरात, सरकारने वसवलेल्या नव्या राजधानीत, बदली होऊन गेलेल्या एका साहेबांचा फ्लॅट मिळाला. तिसरा मजला, दोन बाल्कन्या. मंत्रालयातला कोणी तरी भाड्याने घेईलच, असा सगळ्यांचा हिशेब. तिथेही वंदना झाली, पन्नास माणसे जमली. माझ्या वेळी किती होती ते मी तुम्हाला सांगितलेच आहे. शेवंताबाईने माझ्याच कोब्यावर बसून त्याच्या खिडक्यांचे पडदे शिवले. माझ्या खिडकीला तेव्हा तिच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा होता. नवा पंखा आला, तो त्याच्याकडे गेला. रविवारी ती तिकडे जाऊन रिकाम्या खोल्या पुसून येई. कोणी राहत नसलेल्या घराची एवढी सेवा!

चार महिने झाले, भाडेकरू मिळाला नाही. लोक येत, बाल्कनीतून रुंद, मोकळे रस्ते बघत आणि विचारत, "बस कहाँ से मिलती है?" मग परत फिरकत नसत. मी आनंदात होतो. मिलने धर्मपालांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले, तेव्हासुद्धा त्यांचा सगळा दिवस माझ्या वाट्याला येईल, एवढेच मला सुचले.

मग रुचिता दोन-दोन पाळ्या करू लागली. कर्जाचा हप्ता तिच्या एकटीच्या पगारातून जात होता. एका दुपारी ती घरी आली, ताट समोर घेतले आणि पहिला घास हातात असतानाच भिंतीला टेकून झोपली. ती भिंत माझी होती. तिचे डोके किती जड झाले होते ते मला कळले. त्यानंतर मला आनंद करता आला नाही.

त्याच आठवड्यात लोकेश नावाचा एक कामगार दारात आला. "कोनो कमरा खाली हे का, भैया?"

"नहीं भाई, हम लोग ही रहते हैं," धर्मपाल म्हणाले.

तो गेला. शेवंताबाई दाराशीच उभी राहिली. म्हणाली, "हा या महिन्यातला चौथा. इथी खोलीसाठी लोक फिरून राहिले अन् तिथी कोणी येत नाही. अवो, आपणच तिकडं जाऊ न. याले भाड्यानं देऊ."

'याले' म्हणजे मला.

मग धर्मपाल चप्पल घालून लोकेशला शोधायला निघाले.

पुढचे पंधरा दिवस माझे लाड झाले. धर्मपालांनी स्वतः सिमेंट कालवून भेग भरली. मोरीत निळ्या टाईल आल्या. शेवंताबाईने भिंतींना चुना दिला. काम संपल्यावर ती हात न धुताच उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आम्ही होतो तोवर तुले असं कधी केलं नाही. आता लोकाच्या हाती देऊन राहिलो, तर सजवलं." मला तिच्यावर रागवायचे होते. जमले नाही.

मग ते तिघे फ्लॅटवर राहायला गेले. आता लोकेश आणि त्याची बायको सत्यभामा माझ्यात राहतात. माझ्या भाड्यातून हप्त्याचा मोठा भाग निघतो आणि रुचिता पुन्हा एकच पाळी करते. परवा धर्मपाल भाडे घ्यायला आले. उघड्याच दाराबाहेर थांबून त्यांनी कडी वाजवली.

"तुँहर घर आय भैया, काबर पूछत हव?" सत्यभामा हसून म्हणाली. घर तुमचेच, मग विचारता कशाला, असे तिचे म्हणणे.

"नहीं बेटी. अब तुम्हारा है," असे म्हणून ते बाहेरच थांबले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, नवी घरे घ्याल. जरूर घ्या. पण राहत्या घराची दुरुस्ती परक्या माणसासाठी राखून ठेवू नका. आणि कधी नव्या रायपुरात गेलात, तर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला माझा एक निरोप द्या. माझा हेवा गेलेला नाही, असे सांगा. शेवंताबाईचे गुडघे दुखतात, तिला सकाळचे ऊन लागते. धर्मपाल मनातले बोलत नाहीत, गप्प बसून राहतात. रुचिता दमली की कुठेही टेकते. म्हणावे, माझी माणसे आहेत, नीट सांभाळ.