वाढत्या अंगाचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा पट्टा आहे. कराटेच्या वर्गात नवख्यांच्या कमरेला असतो तसला. वर्ग ताईंचा आहे. मी तिथे खुंटीवर असतो. खाली एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर बसून ताईंचे बाबा नव्या मुलांचे पट्टे बांधून द्यायचे. ते शिंपी होते.

ते वर्गात आले त्या शेवटच्या दिवशीही त्यांनी एकाचं पोट चाचपून विचारलं, "जेवून आलास?"

"थोडंसंच."

"मग लाथही थोडीशीच मार."

निघताना ते ताईंना म्हणाले, "उद्या सुई-दोरा आण. एकाची विजार उसवलीय."

दुसऱ्या दिवशी वर्ग उघडलाच नाही. पंधरा दिवसांनी ताई एकट्या आल्या. पिशवीत सुई-दोरा होता.

माझा जन्म बाबांच्या दुकानातला. ताई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या, म्हणून त्या काळापुरतं त्यांना 'ती' म्हणतो. "घरात शिंपी असताना पट्टा विकत आणायचा?" असं म्हणून बाबांनी मला शिवलं. मुलगी वाढत्या अंगाची, म्हणून दोन हात कापड जास्तीचं धरलं. कमरेला तीन वेढे देऊनही माझी टोकं तिच्या घोट्यांशी लोळायची.

पहिल्या दिवशी कराटेच्या सरांना वाकून नमस्कार करताना तिचा पाय माझ्यावर पडला आणि ती तोंडावर आपटली. सर म्हणाले, "नमस्कार पोचला. ऊठ आता."

फोडायला म्हणून तिने घरून दोन विटा नेल्या होत्या. सरांनी त्या दाराला अडसर म्हणून लावल्या. मित्रांनो, पहिल्या दिवशी कुणी काही फोडत नाही. नखं कापून यायचं, चपला ओळीत काढायच्या, मूठ वळताना अंगठा बाहेर ठेवायचा आणि न लागता पडायला शिकायचं. महिनाभर एवढंच. घरी धाकट्या भावावर सराव करायचा नाही. तिने केला होता. भाऊ चावला.

राहिली माझी गाठ. ती शिकायला बाबा गळ्यात टेप घेऊन वर्गात मागे उभे राहिले. मग चार दिवस दुकानातल्या पुतळ्यावर सराव. पुतळ्याच्या अंगात एका गिऱ्हाइकाचा कोट होता. कोटावर पट्टा बघून गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "काका, मी साधा कोट सांगितला होता."

पाचव्या दिवशी बाबांनी तिच्यासमोर गुडघे टेकले, मला बांधलं, दोन्ही टोकं जुळवून पाहिली आणि म्हणाले, "जमलं बघ."

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. तिला गाठ आधीच येत होती. पांघरुणात बसून, मला उशीला बांधून ती शिकली होती. पण बाबांचा चेहरा पाहून गप्प बसली. पुढे रोज मुद्दाम चुकायची. कधी बुटाच्या नाडीसारखी बांधायची, कधी अंबाड्यासारखी.

"ही गाठ आहे की घरटं?" बाबा विचारायचे. "शाळेत पहिली येतेस, आणि एवढं जमेना?"

"नाही जमत बाबा."

पुढे तिला रंगीत पट्टे मिळाले, मग काळा. मी सतरंज्यांचा गठ्ठा बांधायला गेलो. वर्षं गेली. ताईंनी स्वतःचा वर्ग काढला, तेव्हा बाबांनी मला सोडवून, धुऊन तिथल्या खुंटीवर लावलं. बाबा कुणाचा पट्टा बांधू लागले की ताई दर वेळी माझ्यापाशी पुटपुटायच्या, गाठीचं आज सांगते. मग बाबा चहाचं विचारायचे आणि राहून जायचं.

परवा एक चिमुरडी ताईंपुढे येऊन उभी राहिली. "ताई, गाठ येत नाही."

"काल तर बांधली होतीस."

तिने खुर्चीकडे पाहिलं. "येते. पण आजोबा होते तेव्हा येत नव्हती."

ताई खाली बसल्या. गाठ बांधली, दोन्ही टोकं जुळवून पाहिली. बराच वेळ पाहिली.

मित्रांनो, पट्टा जपा, गरज नसताना धुऊ नका, जमिनीवर लोळवू नका. आणि पोटातली गोष्ट फार दिवस पट्ट्याच्या भरवशावर ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही.

वर्ग सुटल्यावर ताईंनी मला खुंटीवरून काढलं. त्यांच्या कमरेला अजूनही दोन वेढे देऊन मी उरतोच. त्यांनी न बघता, एका झटक्यात गाठ मारली आणि त्या खुर्चीसमोर वाकल्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "मला पहिल्या आठवड्यातच येत होती."