गोदामाआधीचा चढ

महादेवप्पाने फावडेभर कोळसा इंजिनाच्या भट्टीच्या तोंडाशीच टाकला आणि झाकण लावून घेतले. कोळसा आत चारी कोपऱ्यांत उडवायचा असतो, हे त्याला कोणी सांगायला नको होते. मकदूमला ते त्यानेच शिकवले होते. आज मात्र तोंडाशी ढीग होऊ दे, आत विस्तव विरळ पडू दे, म्हणजे गोदामाआधीच्या चढावर वाफ कमी पडेल आणि सगळ्यांसमोर मकदूमचे, या नव्या ड्रायव्हरचे, हसे होईल, असा त्याचा बेत होता.

मिल निघाली तेव्हापासून सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्यापासून मिलच्या गोदामापर्यंत हे रूळ होते, आणि त्यांवर कापसाच्या गाठींचे डबे ओढणारे हे ठेंगणे विलायती इंजिन. मोठ्या लायनीवर आता डिझेल धावू लागले होते. हे मात्र अजून कोळसा खात होते. जुना ड्रायव्हर वीरभद्रप्पा दिवाळीत निवृत्त झाला, तेव्हा त्याची जागा आपलीच, असे महादेवप्पा धरून चालला होता. हँडल मिळाले ते मागून आलेल्या मकदूमला. गुरूची विद्या गुरूलाच! तेव्हापासून मकदूम खिडकीशी बसे, महादेवप्पा भट्टीपुढे उभा राही, आणि भट्टीपेक्षा जास्त तो स्वतःच जळे. मिलमधल्या बायका मकदूमला ‘डायवरसाहेब’ म्हणू लागल्या, तेही त्याने सोसले. पण परवा बायको गिरिजाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, “आज इंजनाची शिट्टी लई ग्वाड वाजली की.” तो ताटावरून उठला.

आज मुंबईहून मालकांचे साहेब आले होते. नव्या ड्रायव्हरला जोखायलाच आले असणार, अशी महादेवप्पाची समजूत.

“अण्णा, वाफेचा काटा उतरतोय जरा,” मकदूम म्हणाला.

“वला हाय कोळसा. मी काय करू?”

चढाच्या मध्यावर इंजिन धापा टाकू लागले, मंदावले आणि थांबले. मिलची पाळी सुटून निघालेल्या बायका तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्यातली कोणीतरी फिसकन हसली. महादेवप्पा मनोमन सुखावला.

साहेब गोदामाच्या ओट्यावरून उतरून आले. मकदूमकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांची नजर इंजिनावर होती.

“जे बघायला आलो ते दिसलं,” ते मॅनेजरला म्हणाले. “कापूस लॉरीनं आणा. हे धूड भंगारात काढा, रूळ उखडा. आणि या दोघांनाही मोकळं करा.”

महादेवप्पाने काहीतरी बोलायला हवे होते. पण सांगायचे काय, आणि कोणत्या तोंडाने?

तोवर मकदूमने भट्टीचे झाकण उघडले होते. आतला ढीग त्याने पाहिला. मग अण्णाकडे पाहिले. झाकण हळूच लावून तो खाली उतरला.

“साहेब, इंजिन धडधाकट हाय. चूक माजी. चढाआदीच वाफ उडवून बसलो. माजा हात अजून कच्चा हाय. अण्णाला हँडलवर बसवा. तुमचा चहा हुईस्तोवर वाफ करतो. न्हाय चढलं तर खुशाल भंगारात काढा.”

“आणि तू काय करणार?”

“मी भट्टीवर. माजं मूळचं काम तेच हाय की.”

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि चहा मागवला.

डबे मागे सपाटीवर नेले. मकदूमने लांब सळीने तो ढीग आत पसरला आणि वरून कोळसा पातळ उडवला, कोपऱ्याकोपऱ्यात, अगदी शिकवला होता तसा. त्याने शिवी हासडली असती तर महादेवप्पाला बरे वाटले असते.

काटा वर गेला. महादेवप्पाने हँडल ओढले आणि डबे निमूट चढ चढून गोदामाशी जाऊन उभे राहिले. बायकांनी टाळ्या पिटल्या.

“म्हणजे इंजिन ठीक होतं, माणूस चुकीचा होता,” साहेब म्हणाले. “राहू द्या सध्या. पण यापुढे हँडलवर हाच.”

“अण्णांचा हात हाय त्यो, बायांनो!” मकदूम खालच्या बायकांना ओरडून सांगत होता. त्याचे तोंड घामाने आणि कोळशाने काळे झाले होते आणि तो मनापासून हसत होता. मग वळून त्याने विचारले, “वाफ पुरली की, अण्णा?”

या जागेसाठी महादेवप्पा दिवाळीपासून झुरला होता. आता ती मिळाली होती, आणि मकदूमचा एवढा हेवा त्याला कधीच वाटला नव्हता.