सही जुळली

कुणाचं मत वाया गेलं की वर्ना टिफ्टला अन्न गोड लागायचं नाही. आता तुम्हीच सांगा, ज्याचं मत तो मजेत झोपा काढतोय आणि ही इकडे तळमळतेय! पण स्वभावाला औषध नसतं. टपालाने आलेल्या मतांच्या लिफाफ्यांवरच्या सह्या तपासायचं काम ती काउंटीच्या कचेरीत करायची. पडद्यावर एकीकडे लिफाफ्यावरची सही, दुसरीकडे नोंदणीच्या वेळची. जुळली तर लिफाफा पुढे, उघडायला. नाही जुळली तर बाजूच्या ट्रेमध्ये, आणि मतदाराच्या घरी पत्र: येऊन पुन्हा सही करा, नाहीतर मत मोजलं जाणार नाही.

त्या नोव्हेंबरात त्या ट्रेला सोन्याचं मोल आलं होतं. वरच्या खोऱ्यातली शाळा चालू ठेवायला जमिनीवरचा कर वाढवायचा की नाही, यावर मत होतं, आणि खोऱ्याचे उभे दोन तुकडे पडले होते. भाऊ भावाशी बोलेना. मोजणी संपत आली तरी 'हो' आणि 'नाही' अगदी खांद्याला खांदा लावून चालले होते. ट्रेमधले लिफाफे सुटले तर सुटले, नाहीतर परवा आहे तसाच निकाल पक्का होणार होता.

"ही बघ रे, आर्डिस कोलस्टाड," वर्ना वेंडेलला म्हणाली. वेंडेल स्ट्राउड म्हणजे दुसरी नजर. कुठल्याही सहीवर एकट्याचा शब्द चालत नाही, दोघांनी बघायची असा नियम. "मागच्या वेळीही हिची सही जुळली नव्हती. त्याच्या आधीही नाही. पत्रं गेली, पण बाईचा पत्ता नाही."

"नसेल यायचं तिला. तू कशाला जीव टाकतेस?"

"हात थरथरत असेल रे बिचारीचा. काही दुखणं असेल."

वेंडेलने चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याला नाक लावलं. "थरथरणारा हात असा असतो होय? चांगली ठसठशीत सही आहे की. फक्त तिची नाही."

इथे वर्नाने थांबायला हवं होतं. पण नाही! तिने फोन उचलला.

"ड्वेन कोलस्टाड बोलतोय," पलीकडून भारदस्त आवाज आला.

"आर्डिस आहेत का? मी निवडणूक कचेरीतून बोलतेय."

"ती कोंबड्यांकडे गेलीय. मला सांगा ना, मी तिचा नवरा."

बोलायचं ते मतदाराशीच, दुसऱ्या कुणाशी नाही, हे वर्नाला चांगलं पाठ होतं. पण परवा मुदत संपतेय आणि एक मत बुडतंय, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. "अहो, काही नाही, त्यांची सही जुळत नाहीये. मागे दोनदा तसंच झालं. उद्या येऊन नुसती सही करून गेल्या तरी होईल."



"मागे दोनदा?"

"हो. पत्रं पाठवली होती आम्ही."

"पत्रं," ड्वेन सावकाश म्हणाला. "टपाल रोज आर्डिसच आणते."

मागून बाईचा आवाज आला, "कोण आहे रे ड्वेन?" ड्वेन फोनवरच बोलत राहिला. "उद्या सकाळी आणतो तिला," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

वर्नाने फोन जागेवर ठेवला.  तो 'कोण आहे रे' मात्र कानातून जाईना.

"कोण होतं?" वेंडेलने विचारलं.

"नवरा."

"आणि तू त्याला सांगितलंस? सगळं?"

"अरे, मत वाचावं म्हणून..."

"धन्य आहे बाई तुझी!" वेंडेल म्हणाला. आणि चष्मा डोळ्यांवर ओढून त्याने पुढची सही उघडली. थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. रश्शात तिने दोनदा मीठ टाकलं. एवढी पत्रं गेली, मग बाई आली का नाही? पत्रं नवऱ्यापासून लपवली का? आणि आता त्या घरात काय चाललं असेल? पुन्हा फोन करावा असं मनात यायचं, पण उचलणार तोच असला तर? नसती उठाठेव केली आणि आता हात चोळत बसायची पाळी.

सकाळी कचेरीचं दार उघडतं न उघडतं तोच ती दोघं आली. ड्वेन चांगला आडव्या अंगाचा, पण अदबीचा. आत येताच टोपी काढून हातात धरली. आर्डिस त्याच्या मागे. वर्नाने आधी तिचा चेहरा बघितला, मग हात बघितले. कुठे काही दिसत नव्हतं. 

"माझ्या बायकोची सही चुकते म्हणता?" ड्वेन म्हणाला. "अहो, जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी बसून केलीय तिने. दोघांचेही कागद मीच भरतो. ते बारीक गोल काळे करायचे म्हणजे तिला कटकट. ती फक्त सही करते."

"मला लवकर सोडा," आर्डिस हळूच म्हणाली. "शाळेत पोरांचं जेवण व्हायचंय."

"कुठल्या शाळेत?" वर्नाने विचारलं.

"वरच्या खोऱ्यातल्या. स्वयंपाकघरात असते मी."

वर्नाने पुन्हा तिच्या हाताकडे बघितलं. अरे देवा! हात थरथरतोय म्हणे! दुखणं आहे म्हणे! हात दगडासारखा स्थिर होता बाईचा.

"कर सही," ड्वेन म्हणाला. "चेकवर करतेस ना, तशी."

"तुम्ही जरा त्या पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहा," वर्ना म्हणाली.  "सही करताना मतदाराजवळ कुणी थांबायचं नाही. नियम आहे."

तो मागे सरला, पण नजर तिथेच. वर्नाने कागद पुढे केला आणि ओठ न हलवता बोलावं तसं विचारलं, "मुद्दाम करत होतात?"

आर्डिसने मान वर केली नाही. "त्याच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत नाही माझ्यात. म्हणून सही बिघडवायची. शाळेविरुद्ध त्याचं एक मत पडतंय ते पडू दे, पण माझ्या नावाने दुसरं नको. तेवढंच होतं हो माझ्याकडे. तेवढंही तुम्ही फोन करून सांगून टाकलंत."

"चुकलं माझं. नका करू नीट सही. मी सांगते, जुळली नाही म्हणून."

"कालपासून तो फोनवर बघतोय, माझं मत मोजलं का ते. आज नाही जुळली तर उद्या आणेल. जुळेपर्यंत आणेल."

"घरी... काही त्रास?"

"मारत नाही तो. बोलणं बंद करतो. मागे एकदा बर्फ पडायला लागल्यापासून वितळेपर्यंत बोलला नव्हता. काल रात्री फक्त एवढंच विचारलं, आणखी काय काय लपवतेस."

"पुढच्या वेळी आधीच इथे या. पडद्याआड तुमचं तुम्ही भरा, मी..."

"पुढच्या वेळी शाळा असेल का?"

 आर्डिसने पेन उचललं आणि सही केली. गिरवून ठेवावी अशी सही, नोंदणीत होती तशीच. मग पेन टोपण लावून जागेवर ठेवलं.

"बघ! एवढं सोपं होतं," ड्वेन पुढे येत म्हणाला. त्याने वर्नापुढे हात केला. "तुम्ही चांगली माणसं आहात बाई. एका मतासाठी घरी फोन करायला आजकाल कोण बसलंय!"

वर्नाने हात मिळवला. करणार काय!

ती दोघं बाहेर पडली. वर्ना पडद्यासमोर बसली, शेजारी वेंडेल. डावीकडे जुनी सही, उजवीकडे आत्ताची. 'नाही' म्हणायला जीभ नुसती शिवशिवत होती. पण म्हणून उपयोग काय? उद्या ती इथे पुन्हा उभी राहणार, आणि त्याच्या मनात आणखी एक शंका वाढणार. शिवाय सही तिचीच होती, अक्षरन् अक्षर तिचीच. त्याला खोटं म्हणायचं तरी कसं?

"काय म्हणतेस?" वेंडेलने विचारलं.

"जुळते."

"जुळते," वेंडेल म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

वर्नाने 'मत स्वीकारलं'चं बटण दाबलं. लिफाफा उचलून तिने स्वतः उघडणाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. येताना खिडकीपाशी तिचे पाय थांबले. कोलस्टाडांची गाडी अजून अंगणात उभी होती. ड्वेन फोनकडे बघत होता. मग त्याचा चेहरा खुलला आणि त्याने फोन आर्डिससमोर धरला. तिने वाचलं, मान हलवली आणि शाळेत जायला पट्टा लावून बसली.