खोट्या माश्या बांधणारा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. अणदूरच्या सुतारानं मला बाभळीच्या फळीतून घडवलं. नळदुर्गजवळच्या वस्तीवर, धुळाप्पांच्या घरी, मी कितीतरी पंगती पाहिल्या. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी पिठाच्या डब्याखाली झाली.

धुळाप्पांना गळ टाकून मासे धरायचा नाद. गळाला लावायला गांडुळं उकरून धुळाप्पांची कंबर धरायची. त्यांची सून दैवशाला हिनं मोबाइलवर पाहिलं, की गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधली, तर मासा तिलाही भुलतो. पण बांधताना बारीक गळ घट्ट धरायला साधन हवं, आणि विकतचं फार महाग.

"मामा, हा पाट घेऊ का?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"घे की. पडूनच हाय त्यो."

दोघांनी माझ्यावर एक ठोकळा ठोकला. त्यावर जुनी पकड तारेनं आवळली. तिच्या मुठींना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, म्हणजे पकडीच्या तोंडात गळ हलत नसे. खिळ्यांवर दोऱ्याची रिळं बसली. चपलेचा तुकडा चिकटवला, त्यात तयार माश्या टोचायच्या. पहिल्याच माशीला बोरी नदीत मासा लागला, तेव्हा धुळाप्पांनी माझ्यावर थाप मारली. "गुणाचा हायस गड्या," ते म्हणाले. मी सुखावलो.

मग ती दुपार आली. माशी अर्धी बांधून झाली होती. बाहेर शेळी सुटली म्हणून दैवशाला धावली आणि मी जमिनीवर तसाच राहिलो. तिची रांगती लेक शिवकन्या माझ्याकडे आली. ती माझ्यावर पालथी पडली, रबर ओढलं गेलं, पकडीचं तोंड उघडलं. पुढं काय झालं ते मलाही दिसलं नाही.

दैवशाला परतली तेव्हा पोरगी रडत होती. ओठांतून लाल दोरा लोंबत होता. पकडीत गळ नव्हता.

दैवशालानं दोऱ्याला हात घातला.

"ओढू नगंस," दारातून धुळाप्पा म्हणाले. "टोकाला गळ असंल तर आत रुतंल."

तिनं लेकीला मांडीवर घेतलं, तोंड उघडलं आणि बोट दोऱ्यावरून हळूहळू आत नेलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण लाकडाला आवाज कुठला?

दोरा सुटून आला. टोक मोकळं होतं.

"मग गळ कुठं गेला? गिळला तर न्हाय?" धुळाप्पा जवळ आले. "चल, दवाखान्यात नेऊ."

"थांबा, मामा." तिनं लेकीचा झगा अलगद वर केला. खालच्या झालरीत गळ अडकला होता, मांडीपासून बोटभर अंतरावर. तिनं तो सोडवला आणि मग मात्र भिंतीला टेकून रडली.

धुळाप्पांनी मला उचललं. "चुलीतच घालतो याला."

"पाटानं काय केलं? उघडा टाकून मीच गेले. त्याला उंच जागा करू."

मित्रांनो, गळ असो, सुई असो, नाहीतर कात्री. हातातलं काम सोडून उठाल, तेव्हा आधी ते मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. आता काम संपलं की मला उंच खुंटीला टांगतात. खालून शिवकन्या माझ्याकडे हात उंचावते. तिला जवळ घ्यावंसं मला फार वाटतं. पण ती मोठी होईपर्यंत मी इथंच बरा.