रिफतची जेझेर्ये

रिफतनं पळीच्या टोकावरचा लालसर गोळा थंड बशीत टाकला, बोटानं दाबून पाहिला, आणि तो पसरतोय असं दिसताच पळी पुन्हा पातेल्यात घातली.

"अजून आटायला हवंय," थोरली बहीण मुकद्देस दारातूनच म्हणाली. "मी केव्हाची सांगतेय, खाली कोपऱ्यावरून एक डबा घेऊन ये. मेर्सिनमध्ये दुकानोदुकानी गाजराच्या वड्या मिळत असताना कुणी घरी जेझेर्ये करतं का? मुलगी मागायला जायचंय आपल्याला, पातेली घासायला नाही."

"ताई, तू जा, तयार हो."

"मी तयारच आहे. नवरदेवानं आरशात बघावं. दाढीला गाजर लागलंय."

त्यानं बाहीनं गाल पुसला आणि तो ढवळत राहिला. बंदरावर क्रेन चालवण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे एका जागी उभं राहून नजर न हलवणं त्याला जमायचं. स्वयंपाक मात्र येत नव्हता. बायको गेल्यापासून तो वरच्या मजल्यावर बहिणीकडे जेवायचा. आणि शुलेनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

शुले ही नेबाहतची मुलगी, अदानाला औषधांचं दुकान चालवणारी. नेबाहतही एकटीच होती. किनाऱ्यावरच्या चहाच्या बागेत शेजारशेजारच्या टेबलांवर बसता बसता दोघं कधी एका टेबलावर आले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण मुलीच्या होकाराशिवाय पुढे जायचं नाही, हे नेबाहतनं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून शुले एकदा त्याला बघायला आली. तिनं फार काही विचारलं नाही.

"सकाळचा नाश्ता कोण करतं तुमच्याकडे?"

"ताई."

"आणि रात्रीचं जेवण?"

"ताईच."

शुलेनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "माझ्या आईनं बाबांचं सगळं केलं. दुखणंही तिनंच काढलं. आता कुठं ती सकाळी उशिरा उठायला लागलीय. राग मानू नका रिफतसाहेब, पण तुम्हाला बायको नकोय. तुमची ताई थकली, म्हणून दुसरी ताई हवीय."

घरी येऊन रिफत बराच वेळ आपल्या थंड शेगडीकडे बघत बसला. नेबाहतचा निरोप आला तेव्हा त्यात एवढंच होतं, की रविवारी या, रीतसर मागणी घाला, काय ते शुलेच सांगेल. दुसऱ्या दिवशी तो बाजारातून गाजरं घेऊन आला.

पहिला घाणा जमलाच नाही. तो चमच्यानं खावा लागला, आणि मुकद्देसनं खाता खाता त्याला "गाजराचं सूप" म्हणून घेतलं. पण आज रिफतला घाई नव्हती. रंग विटेसारखा गडद होत गेला, पळी जड झाली. एकदा बुडबुडा फुटून मनगटावर चटका बसला, तरी त्यानं हात थांबवला नाही. पुढचा गोळा बशीत पडला आणि पडला तसाच राहिला. त्यानं भाजलेले अक्रोड आत लोटले, सगळं ताटात थापलं आणि ताट खिडकीत निवत ठेवलं.

दुपारी त्यानं सुरी चालवली. वडी स्वच्छ सुटली. कापल्या कडेला अक्रोड दिसत होते.

"ताई!" त्यानं जिन्यात जाऊन अशी हाक मारली, की दोन मजल्यांवरची दारं उघडली.

मुकद्देसनं तुकडा तोंडात टाकला आणि चावला. "खोबऱ्यात नीट घोळव," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी नेबाहतच्या दिवाणखान्यात बापाच्या जागी शुले बसली होती. मुकद्देसनं पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला आणि घसा साफ केला. "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या शब्दानं, आमच्या रिफतसाठी तुमच्या मुलीला..." ती अडखळली. "तुमच्या आईला मागणी घालायला आलोय."

नेबाहतनं ओठ दाबून हसू आवरलं. शुले हसली नाही. तिनं पाहुण्यांनी आणलेला डबा उघडला. आतल्या वड्या एकसारख्या नव्हत्या.

"कुठल्या दुकानातली ही?"

"घरची आहे," रिफत म्हणाला. "मी केली."

"मी हातसुद्धा लावलेला नाही," मुकद्देस घाईनं म्हणाली. "परवा तर वाटलं, पातेल्यासकट स्वयंपाकघर जातंय."

शुलेनं एक तुकडा उचलला. खाताना ती रिफतच्या मनगटाकडे बघत होती. तिथं फोड आला होता.

"मलम लावलंत?"

"राहिलं."

तिनं दुसरा तुकडा घेतला. मग उठली. "कॉफी मी करते. आई, तू बैस."

नेबाहत हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली, पुन्हा उलगडत राहिली. शुलेनं तबक आणलं आणि प्रत्येकाच्या हातात स्वतः कप दिला.

"वा, गोड झालीय अगदी," मुकद्देस म्हणाली.

रिफतनं घोट घेतला. कॉफी खारट होती. नुसती खारट नाही, चमचा उपडा केल्यासारखी. मुलगी मागायला आलेल्याच्या कपात मीठ घालून तो तोंड वाकडं करतो का ते बघायचं, ही मुलीकडच्यांची जुनी खोडी. आणि जिथं नकार द्यायचा असतो, त्या घरी कुणी मीठ वाया घालवत नाही.

त्यानं कप पुन्हा ओठाला लावला आणि खालचा गाळ दिसेपर्यंत सावकाश रिकामा केला.

"कशी झालीय, रिफतकाका?" शुलेनं विचारलं.

त्याचे डोळे भरून आले होते. मीठ तेवढं होतंच.

"अजून एक कप मिळेल?" तो म्हणाला.