एडमंडच्या बटेचा ब्रोच

मित्रांनो, मी एक जुना ब्रोच. सोन्याची चौकट, वर काच, आणि काचेखाली सोनेरी केसांची बारीक वेणी. हसू नका, माझा जन्म इंग्लंडच्या राजघराण्यातला आहे.

माझी मालकीण राजकन्या लिओनोरा. गादीसाठी तिचा नंबर सतरावा, म्हणून तिला कुणी विचारत नसे. तिचे वडील माणसांपेक्षा कुत्र्यांशी जास्त बोलत. थोरल्या बहिणीला एवढ्याशा जर्मन संस्थानात दिली, की तिथे वरात वळवायची तर शेजारच्या राजाची परवानगी लागे! खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण धाकटा भाऊ एडमंड चार वर्षांचा असताना तापाने गेला, हे मात्र खरं. तिकडे तेव्हा गेलेल्या माणसाचे केस दागिन्यात जपायची रीत होती. लिओनोराने त्याची बट स्वतः गुंफली आणि मला बजावलं, "याला एकट्याला सोडू नकोस." पुढे तीही बिनलग्नाची, म्हातारी होऊन गेली. मी लिलावालिलावांतून अमेरिकेत पोचलो. एडमंड बरोबर होताच.

तिथल्या कॅरी नावाच्या गावात कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. तिथे वीणा नावाच्या मराठी बाईने मला उचललं. "पदराला मस्त दिसेल!" मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला तिने मला लावलं, आणि दिवसभर कुणीतरी गुडघ्याएवढ्या उंचीवरून तिचा पदर ओढत राहिलं. वळून पाहावं तर कुणी नाही.

शेवटी तिने मला शेजारच्या नंदामावशींना दाखवलं. त्या दचकल्याच.

"अगं, हे कुणाच्या तरी लेकराचं जावळ! घरात काय ठेवतेस? वाहत्या पाण्यात सोड."

"इथे वाहतं पाणी कुठून आणू, मावशी?"

"मग लेकमध्ये सोड. पण ठेवू नकोस बाई."

शनिवारी दुपारी आम्ही जवळच्या तलावावर, जॉर्डन लेकवर. वीणाने हेअरपिनने माझी काच उचकटली. दीडशेहून जास्त वर्षांनी एडमंडला वारा लागला. मी अंग आवळून धरलं, पण ब्रोचच्या अंगात जोर तो किती! लिओनोराला काय तोंड दाखवू?

"वेट, आई," वीणाची नऊ वर्षांची रुही म्हणाली. "हे केस कुणाचे?"

वीणाने माझ्या पाठीवरची अक्षरं वाचली. "एडमंड. वय चार."

"ओन्ली फोर? बट आई, कॅन ही स्विम?"

वीणा हसली. मग तिचं हसू विरलं. पाण्यावर धरलेला हात तिने मागे घेतला आणि काच अंगठ्याने दाबून बसवली.

"आता मावशींना काय सांगू गं?"

"सांग, ही इज विथ अस."

परतताना रुहीने मला मागच्या रिकाम्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवलं. माझं वजन तोळाभरसुद्धा नाही. तरी गाडी निघाली आणि बेल्ट न लावता कुणी सीटवर बसलं की वाजते ती घंटी वाजायला लागली.

"रुही, बेल्ट!"

"मी लावलाय, आई."

घंटी थांबेना. आरशात पाहणाऱ्या वीणाचा चेहरा पांढरा पडला. रुहीने मात्र शांतपणे हात लांबवला, रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. घंटी थांबली.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायला निघालात तर आधी नीट पाहा. तिच्याबरोबर आणखी कुणी जात असेल.