गळ्याचं माप

मी शिवणकामाची टेप बोलतेय. पिवळी, दोन्ही टोकांना पत्रा बसवलेली, मधले आकडे पुसट झालेली. अजून धक्क्यातून सावरलेली नाही, तेव्हा बोलताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

कारखान्यात आम्ही ढिगाने छापल्या गेलो. माझ्या वाट्याला एक शिवणारी बाई आली. जिन्याखालच्या खोलीत तिचं मशीन. सकाळी मला गळ्यात टाकायची ती काम संपेपर्यंत. तिची नाडी माझ्या अंगाखालीच उडायची, संथ, एका लयीत.

तिच्या गळ्याला पुढून जराशी सूज होती. दुखत नव्हती, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. एकदा तिची गरोदर धाकटी बहीण कपडे सैल करून घ्यायला आली. तिला डॉक्टरांनी तपासून आयोडीनचे थेंब दिले होते.

"ताई, तूही घे की. गळ्यासाठीच असतं ते. मला एक सांगितलाय, तू दोन घे."

"अगं, पण मला कुणी सांगितलंय?"

"मिठात असतं तेच. मिठाने कुणाला काय झालंय?"

धाकटी स्वतःसाठी नवी बाटली घेणार होती, म्हणून थेंबांची जवळची बाटली इथेच ठेवून गेली. पुढे ती आली की मला ताईच्या गळ्याभोवती गुंडाळायची. माप उतरू लागलं. "बघ, लागू पडलं," म्हणत दोघी खूश. दोनाचे चार झाले, मग ताईने थेंब मोजणंच सोडलं.

मी मात्र चक्रावले होते. ताईची कंबर उतरत होती, दंड उतरत होते, पण ते माप कुणी घेतलंच नाही. बसल्या जागी तिची नाडी जिना चढून आल्यासारखी धावायची. तळहात ओले, सुईत दोरा जाईना. नवरा म्हणाला, "चहा कमी कर." तिने केला. थेंब चालूच.

मग एक पोस्टमन गणवेशाचं माप द्यायला आला. ताईने मला त्याच्या छातीभोवती घेतलं आणि आकडा वाचता वाचता ती खाली कोसळली. मी तिच्या मुठीतच राहिले. पोस्टमनने रिक्षा बोलावून आम्हाला दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला. "औषध काय घेता?"

"औषध काही नाही. आयोडीनचे थेंब."

"किती?"

"आता मोजत नाही."

"कुणी सांगितले?"

"बहीण घेते. तिला मानवले."

"बहिणीला बाळासाठी दिलेत, तेही तपासून. तुमच्या गळ्यात गाठी आहेत. अशा गळ्याला जास्तीचं आयोडीन मिळालं की तो शरीराला नुसता पळवत सुटतो. हृदयावर ताण येऊन जिवावर बेतलं होतं, बाई."

"पण गळा तर उतरला होता."

"नुसता गळा नाही, तुम्ही अख्ख्याच उतरलात."

मी उशीशेजारी पडून ऐकत होते. माझा आकडा तर अगदी बरोबर होता. त्याच्याच भरवशावर या दोघी थेंब वाढवत गेल्या होत्या.

संध्याकाळी धाकटी आली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून रडू लागली. ताई म्हणाली, "उगी. तू माझ्या भल्यासाठीच सांगितलंस. पण एकीच्या मापावर दुसरीचा कपडा मी कधी कापला नाही गं, आणि स्वतःच्या बाबतीत हे काय करून बसले?"

घरी सोडताना तिने डॉक्टरांना विचारलं, "मग मला किती थेंब लागतात?"

"सध्या एकही नाही. रक्त पुन्हा तपासू, गाठी बघू, मग पुढचं. जेवणातलं मीठ चालू द्या."

आता दुकान अर्धा दिवसच उघडतं. ताई हृदयाच्या गोळ्या घेते. हात अजून थरथरतो, म्हणून बारीक काम तिने शेजारच्या शिंप्याकडे वळवलंय. मला ती गळ्यात टाकत नाही, खिळ्याला अडकवते.

तुमच्या घरी कुणाचा गळा सुजला, तर कृपा करून मला हाक मारू नका, डॉक्टरांना गाठा. मला विचारलंत तर मी आकडा सांगेन, आणि तो खरा असेल. मला त्याचीच भीती वाटते.